उपचारांच्या मध्यावर : लिम्फोमा, पेट स्कॅन आणि भाकिताचा इतिहास

रोग कसे ओळखले गेले, याचे इतिहास पुष्कळ लिहिले गेले आहेत. रोग्याचे पुढे काय होणार हे वैद्य कशावरून सांगत आले, याचा इतिहास मात्र त्या मानाने थोडकाच सापडतो. वास्तविक रोग्याच्या घरच्यांना दुसऱ्या प्रश्नाचीच अधिक घाई असते. 'काय झाले आहे?' हे एकदा कळले की लगेच 'बरा होईल ना?' हाच प्रश्न उरतो.

आपल्या जुन्या वैद्यकाने या प्रश्नाला साध्यासाध्य विचार असे नाव दिले होते. रोग साध्य, कष्टाने साध्य, नुसता आटोक्यात ठेवण्याजोगा की असाध्य, हे ठरवूनच वैद्याने उपचाराला हात घालावा, अशी शिकवण होती. त्याच परंपरेत रोग जाणण्याची पाच साधने सांगितली आहेत : निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. यातले चौथे, उपशय, मला नेहमी विलक्षण वाटत आले आहे. औषध, आहार किंवा विहार योजून पाहावा आणि शरीर त्याला काय प्रतिसाद देते त्यावरून रोग जाणावा, असा त्याचा अर्थ. रूप म्हणजे रोग कसा दिसतो ते. उपशय म्हणजे रोग औषधाला काय उत्तर देतो ते.

प्राचीनांना सगळे ठाऊक होते, असे मला मुळीच म्हणायचे नाही. मी डॉक्टरही नाही. कुडाळात बसून जुने-नवे वैद्यकीय निबंध वाचत राहणे हा माझा गेल्या काही वर्षांचा उद्योग. त्या वाचनातून एक गोष्ट ध्यानात आली, ती अशी : लिम्फोमा या लसीकाग्रंथींच्या कर्करोगाचे भाकीत सुमारे दीडशे वर्षे रूपावरून केले जात होते, गेल्या पंचवीस वर्षांत ते उपशयावरून केले जाऊ लागले. हे वळण घेतले गेले ते उपचारांच्या मध्यावर काढलेल्या एका चित्रामुळे. आणि या वळणावर भाकीत या शब्दाचा अर्थही बदलून गेला.

गाठी मोजण्याचे शतक

१८३२ साली लंडनच्या गाईज हॉस्पिटलमधल्या थॉमस हॉजकिन या डॉक्टराने लसीकाग्रंथी आणि प्लीहा यांतील काही विकारांवर निबंध लिहिला. सात रुग्णांची हकिगत त्यात होती. मानेतल्या, काखेतल्या गाठी वाढत जातात, प्लीहा मोठी होते आणि माणूस खंगत जातो; पण हा नेहमीचा क्षय किंवा साधी सूज नव्हे, असे त्याचे म्हणणे होते. त्या काळी या निबंधाकडे फारसे कोणी पाहिले नाही. पुढे १८६५ साली त्याच रुग्णालयातल्या सॅम्युएल विल्क्सने उदारपणे या आजाराला 'हॉजकिनचा आजार' असे नाव दिले. हॉजकिन स्वतः १८६६ साली दूर जाफा येथे प्रवासात वारला. त्याने शवविच्छेदनात काढलेल्या ऊती रुग्णालयाने जपून ठेवल्या होत्या. १९२६ साली त्यांतल्या काही सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तेव्हा त्याचे निरीक्षण निदान काही रुग्णांच्या बाबतीत खरे ठरले. दरम्यान व्हिएन्नाचा स्टर्नबर्ग (१८९८) आणि बाल्टिमोरची डोरोथी रीड (१९०२) यांनी या आजारातल्या त्या मोठ्या, घुबडाच्या डोळ्यांसारख्या पेशीचे वर्णन केले होते.

आपल्याकडे मानेतल्या अशा गाठींना गंडमाळा म्हणत आणि आजही खेड्यात मानेवर गाठ आली की पहिला संशय क्षयाचाच येतो. तो बहुतेक वेळा बरोबरही असतो. हॉजकिनला लंडनमध्ये जो घोळ सोडवावा लागला, तोच आपल्याकडे अजून संपलेला नाही. पुढे या लेखात क्षय पुन्हा येणार आहे, म्हणून वाचकांनी तो ध्यानात ठेवावा.

विसाव्या शतकात उपचार आले. स्टॅनफर्डला हेन्री कॅप्लानने १९५६ सालापासून रेषीय प्रवेगकाने किरणोपचार सुरू केले. १९६४ नंतर अमेरिकेत व्हिन्सेंट डेव्हिटा आणि सहकाऱ्यांनी चार औषधे एकत्र देऊन पसरलेल्या आजारातही निम्म्याहून अधिक रोगी बरे होऊ शकतात असे दाखवले. १९७५ साली मिलानच्या बोनादोन्ना यांनी एबीव्हीडी हा चार औषधांचा दुसरा संच मांडला. तो आजही जगभर वापरात आहे.

उपचार आले तशी भाकिताची निकड वाढली. कोणाला किती किरण द्यायचे, किती औषध द्यायचे हे ठरवण्यासाठी रोग कुठवर पसरला आहे हे कळायला हवे. १९७१ साली ॲन आर्बर येथे चार टप्प्यांची पद्धत ठरली. एकाच जागी गाठी असल्या तर पहिला टप्पा. छाती आणि पोट यांमधल्या पडद्याच्या एकाच बाजूला दोन किंवा अधिक जागी असल्या तर दुसरा. दोन्ही बाजूंना असल्या तर तिसरा. यकृत, अस्थिमज्जा अशा अवयवांत आजार पसरला तर चौथा. हे टप्पे अचूक ठरावेत म्हणून त्या काळी रोग्याचे पोट उघडून पाहत, प्लीहा काढून टाकत, यकृताचे आणि ग्रंथींचे तुकडे तपासायला घेत. ही शस्त्रक्रिया बरे करण्यासाठी नव्हे, नुसते जाणून घेण्यासाठी होती. प्लीहा गेलेल्या माणसाला पुढे आयुष्यभर जंतुसंसर्गाचा धोका राहतो. भाकितासाठी रोग्याने मोजलेली ही किंमत विसरण्यासारखी नाही. सीटी स्कॅन आले, औषधे सुधारली, तेव्हा ही प्रथा मागे पडली.

१९९८ साली हासेनक्लेव्हर आणि डील या जर्मन अभ्यासकांनी पसरलेल्या हॉजकिनसाठी सात खुणांचे गणित मांडले : रक्तातले अल्ब्युमिन, हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, लिम्फोसाइट, वय, चौथा टप्पा आणि पुरुष असणे. जितक्या खुणा अधिक तितके भाकीत वाईट. हे गणित उपयोगी होते, पण सातही खुणा उपचाराच्या पहिल्या दिवसाआधीच्या. औषध द्यायच्या आधी माणूस कसा आहे, एवढेच त्यात होते; औषधाने त्याचे काय केले याला जागा नव्हती.

उरलेली गाठ

उपशयाकडे वळायला एका व्यावहारिक अडचणीने भाग पाडले. हॉजकिनच्या गाठीत खऱ्या कर्करोगाच्या पेशी शेकडा एकाच्या आसपास असतात; बाकी सगळा गोतावळा त्यांच्याभोवती जमलेल्या दाहपेशींचा आणि तंतूंचा. औषधाने कर्कपेशी मेल्या तरी तो तंतूंचा गोळा जागच्या जागी राहतो. सीटी स्कॅनवर छातीत तीन-चार सेंटिमीटरची गाठ दिसते. ती राख आहे की राखेखाली निखारा आहे, हे सीटीला सांगता येत नाही. सीटी आकार सांगतो, जीव आहे की नाही ते सांगत नाही.

मग जिवंतपणा दाखवणारे काही शोधणे आले. १९६९ साली एडवर्ड्स आणि हेज यांना गॅलियम-६७ हे किरणोत्सारी द्रव्य हॉजकिनच्या गाठींत जमते असे आढळले. १९९० साली बॉस्टनच्या अभ्यासकांनी उपचारांच्या मध्यावर गॅलियम स्कॅन काढून लिम्फोमाचे भाकीत करता येते असे लिहिले. मध्यावरच्या चित्राची कल्पना अशी पेट स्कॅनच्या आधीची आहे. मात्र गॅलियमची चित्रे धूसर येत आणि सुई दिल्यावर दोन-तीन दिवस वाट पाहावी लागे.

पेट स्कॅनमागचे तत्त्व सोपे आहे. कर्कपेशी साखर अधाशासारखी खाते. हे निरीक्षण ओटो वारबुर्गने १९२० च्या दशकातच केले होते. साखरेच्या रेणूला फ्लोरिन-१८ हा किरणोत्सारी अणू जोडला की एफडीजी तयार होते. पेशी ते साखर समजून आत घेते, पण पुरते पचवू शकत नाही. ते आतच अडकून पडते. अणूतून निघालेला पॉझिट्रॉन शेजारच्या इलेक्ट्रॉनला भेटतो, दोघे नाहीसे होतात आणि विरुद्ध दिशांना दोन गॅमा किरण जातात. भोवतीच्या कड्यातले शोधक ते एकाच क्षणी टिपतात. १९७६ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात माणसाला एफडीजी पहिल्यांदा दिले गेले. ते ब्रुकहेवनच्या प्रयोगशाळेत बनले होते. पुढे पेट आणि सीटी एकाच यंत्रात आले आणि उजेड नेमका कुठल्या गाठीत आहे हे दिसू लागले.

रुग्णालयांच्या रांगेत 'पेट स्कॅन' ऐकून हिंदीच्या सवयीने पोटाची तपासणी समजणारे पुष्कळ असतात. मराठी कानाला मात्र 'पेट घेणे' आठवावे. चित्रात जे दिसते ते तसेच असते : पेटलेले आणि विझलेले.

परळ आणि एकशे दहा मिनिटे

मराठी मुलखात या गोष्टीचे ठिकाण म्हणजे परळ. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी तिथे टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झाले. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, त्या दुःखाची पार्श्वभूमी या रुग्णालयाला आहे. तिथल्या प्रयोगशाळा उभ्या केल्या डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी. खानोलकर हे आडनाव आमच्या वेंगुर्ल्याजवळच्या खानोलीचे. कुडाळात खानावळ चालवलेल्या चिं. त्र्यं. खानोलकरांमुळे ते मराठी वाचकाला ठाऊक आहे. भारतीय विकृतिशास्त्राचे जनक म्हणून दुसऱ्या खानोलकरांचेही नाव तितकेच ठाऊक असायला हवे. गाठीचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याखेरीज कर्करोग म्हणू नये, ही शिस्त त्या पिढीने रुजवली. स्कॅन कितीही पुढे गेले तरी ती शिस्त सुटलेली नाही.

१९६२ साली हे रुग्णालय अणुऊर्जा खात्याकडे गेले. कर्करोगाचे रुग्णालय अणुऊर्जेकडे का, असा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर तुर्भ्यात आहे. तिथल्या अणुभट्ट्यांत औषधी समस्थानिके बनू लागली होती. १९६३ साली भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर परळला, टाटा रुग्णालयाच्या जोडइमारतीत सुरू झाले. २००२ साली तिथेच देशातले पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन आणि पहिला पेट स्कॅनर आला. सायक्लोट्रॉन जवळ असणे का गरजेचे, हे फ्लोरिन-१८ च्या आयुष्यावरून कळते. त्याचा अर्धायुकाल एकशे दहा मिनिटांचा. म्हणजे दर एकशे दहा मिनिटांनी निम्मे नाहीसे.

हा हिशेब कोकणच्या नकाशावर मांडून पाहावा. मुंबईहून रेल्वेने कुडाळला यायला ढोबळमानाने नऊ तास धरा. तेवढ्यात पाच अर्धायुकाल होतात आणि निघताना जेवढे द्रव्य होते त्याचा बत्तिसावा भाग उरतो. औषधाची गोळी गावोगाव पोचवता येते, हे द्रव्य तसे पोचवता येत नाही. त्याच्याजवळ माणसालाच जावे लागते. आमच्याकडे 'तो टाटाक गेलो' एवढे म्हटले की ऐकणारा पुढे विचारत नाही. परळ, कोल्हापूर किंवा गोव्यातले बांबोळी, यांपैकी एक वाट धरावी लागते. मध्यावरच्या चित्रासाठी ती नेमक्या दिवशी धरावी लागते, कारण ते चित्र दुसऱ्या सायकलीनंतर आणि तिसरीच्या आधी घ्यायचे असते. केमो होऊन पुरेसे दिवस जायला हवेत, नाहीतर औषधाचीच धग चित्रात दिसते. आणि पुढची केमो तर लांबवता येत नाही. तारीख हुकली की प्रश्न विचारायची वेळच निघून जाते.

दोन सायकलींनंतर

२००५ साली मार्टिन हचिंग्ज, जॉर्ज मिखाईल आणि सहकाऱ्यांचा एक निबंध आला. रुग्ण लंडनच्या गाईज आणि सेंट थॉमस रुग्णालयांतले. म्हणजे ज्या रुग्णालयात हॉजकिनने या आजाराचे रूप पाहिले, तिथेच त्याचा उपशय पाहिला गेला. ८५ रुग्णांचे दोन-तीन सायकलींनंतर पेट स्कॅन केले होते. ६३ जणांचे चित्र विझलेले, ९ जणांचे किंचित धुगधुगते, १३ जणांचे पेटलेले. विझलेल्या ६३ पैकी तिघांचाच आजार परतला. पेटलेल्या १३ पैकी नऊ जणांचा आजार वाढला.

२००७ साली अँड्रिया गालामिनी आणि हचिंग्ज यांनी इटली आणि डेन्मार्कचे मिळून २६० रुग्ण मांडले. दोन वर्षांनंतर आजार न वाढता राहिलेले, विझलेल्या गटात शेकडा ९५. पेटलेल्या गटात शेकडा १२.८. सात खुणांचे ते गणित या एका चित्रापुढे फिके पडले. उपचाराआधी ज्यांना वाईट ठरवले होते, त्यांतलेही पुष्कळजण चित्र विझले की चांगलेच राहत होते.

आता 'पेटलेले' कशाला म्हणायचे, हे ठरवणे आले. २००९ साली फ्रान्समधल्या दोव्हिल या समुद्रकाठच्या गावी जाणकार जमले आणि पाच पायऱ्यांची मोजपट्टी ठरली. उजेडच नाही ती पहिली पायरी. छातीतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांतल्या रक्ताइतका किंवा कमी उजेड ती दुसरी. त्याहून जास्त पण यकृताइतका किंवा कमी ती तिसरी. यकृताहून थोडा अधिक ती चौथी. पुष्कळ अधिक, किंवा नव्या जागी गाठ, ती पाचवी. यातली सुंदर गोष्ट अशी की मोजपट्टी बाहेरून आणलेली नाही. प्रत्येक रोग्याची तुलना त्याच्याच यकृताशी होते. यंत्र वेगळे, शहर वेगळे, तरी माप माणसाच्या आतच.

भाकीत मोडणारे भाकीत

इथवर गोष्ट सरळ आहे. खरी गुंतागुंत यापुढे आहे, आणि माझ्या मते या इतिहासाचे सारही तिथेच आहे.

भाकीत कळले की डॉक्टर हातावर हात ठेवून बसत नाही. चित्र पेटलेले दिसले तर औषध वाढवावे, विझलेले दिसले तर कमी करून पाहावे, असा विचार सुरू झाला. २०१६ साली ब्रिटनच्या पुढाकाराने झालेल्या राथल चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. १२१४ रुग्णांची नोंद; १११९ जणांचा दोन सायकलींनंतर पेट स्कॅन; ९३७ जणांचे चित्र विझलेले. या विझलेल्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एकाला चारही औषधे चालू ठेवली, दुसऱ्याचे ब्लिओमायसिन बंद केले. हे औषध फुप्फुसाला इजा करते. तीन वर्षांनंतर आजार न वाढता राहिलेले शेकडा ८५.७ आणि ८४.४, म्हणजे जवळजवळ सारखेच. आणि ब्लिओमायसिन सोडलेल्यांना श्वसनाचा त्रास कमी. ज्यांचे चित्र पेटलेले होते त्यांना अधिक तीव्र औषधे दिली. त्यांच्यातले शेकडा ६७.५ तीन वर्षांनंतर आजार न वाढता होते.

आता हे आकडे २००७ च्या आकड्यांशेजारी ठेवा. रुग्ण वेगळे, मोजायचा काळ वेगळा, म्हणून तुलना जपूनच करायची. तरी दिशा स्पष्ट दिसते. पेटलेल्यांचे १२.८ होते, ते ६७.५ झाले. विझलेल्यांचे ९५ होते, ते ८५ च्या आसपास आले. पहिला फरक मोठ्या अंशी उपचार बदलल्याचा. दुसरा फरक सांगतो की विझलेले चित्र ही हमी नव्हे. सातांतल्या एकाच्या बाबतीत ते पुरे पडले नाही. जर्मनीच्या एचडी-१८ चाचणीत तर सुरुवातीपासूनच तीव्र औषधे होती. तिथे चित्र पेटलेल्यांतलेही शेकडा ९० च्या सुमारास पाच वर्षांनंतर आजार न वाढता होते. तिथे पेटलेले ठरवण्याची पायरीही खालची होती. म्हणजे तोच ठिपका, पण एका औषधासोबत वाईट खूण आणि दुसऱ्या औषधासोबत जवळजवळ निरुपद्रवी. ठिपक्याचा अर्थ ठिपक्यात नाही. कोणत्या औषधाने तो प्रश्न विचारला, यात आहे.

उलट उदाहरणही आहे. आक्रमक नॉन-हॉजकिन लिम्फोमासाठी जर्मनीत पेटल नावाची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१८ साली आले. ८६२ रुग्णांपैकी १०८ जणांचे मध्यावरचे चित्र पेटलेले होते. त्यांच्यातल्या काहींचे औषध बदलून अधिक तीव्र केले. विषारी परिणाम वाढले, फायदा झाला नाही. भाकीत खरे होते; हाती दुसरा चांगला उपाय नव्हता. जुन्या वैद्यांनी साध्य, याप्य, असाध्य असे भाग केले ते उपाय हाताशी धरूनच केले होते. रोग असाध्य असतो तो त्या काळच्या औषधापुरता.

म्हणून मध्यावरच्या स्कॅनला ज्योतिषाच्या पत्रिकेसारखे वाचणे चूक आहे. पत्रिका वाचून ग्रह हलत नाहीत. इथे चित्र वाचून औषध बदलते, आणि औषध बदलले की चित्राने सांगितलेले भविष्यही बदलते. चांगले भाकीत स्वतःला खोटे पाडण्याची सोय करून देते, असे म्हणावे लागते.

आपल्या घरातला उजेड

परदेशातले हे आकडे आपल्या रुग्णांना जसेच्या तसे लावता येत नाहीत, कारण साखर नुसती कर्कपेशीच खात नाही. जंतूंशी झगडणाऱ्या दाहपेशीही खातात. क्षयाची गाठ पेट स्कॅनवर झकास पेटते. पांढऱ्या पेशी वाढवण्यासाठी दिलेल्या सुईने अस्थिमज्जा उजळते. मेंदू, हृदय, मूत्राशय तर मुळातच उजळ. लंडनच्या डॉक्टरला उपचारांच्या मध्यावर नवा ठिपका दिसला तर तो आधी लिम्फोमाचा विचार करील. सिंधुदुर्गातून गेलेल्या रुग्णाच्या बाबतीत क्षयाचा विचार तितकाच आधी करावा लागतो. केमोने प्रतिकारशक्ती खालावलेली असताना दबलेला क्षय डोके वर काढू शकतो. बाकीच्या गाठी विझत आहेत आणि एकच नवी पेटते आहे, अशा वेळी पुन्हा खानोलकरांच्या शिस्तीकडे यावे लागते : तुकडा काढा, सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. ज्या गंडमाळेपासून हॉजकिनने हा आजार वेगळा काढला, ती दोनशे वर्षांनी स्कॅनच्या पडद्यावर पुन्हा त्याच्याशेजारी उभी आहे.

याचा व्यवहारातला अर्थ रुग्णाच्या घरच्यांनी जाणून घ्यावा, एवढ्यासाठीच हा लेख. रिपोर्टात 'पेटलेले' दिसले म्हणून तो शेवटचा निकाल नव्हे. दोव्हिलची पायरी कोणती, आधीच्या चित्राशी तुलना केली का, सुई आणि केमो यांच्यानंतर किती दिवसांनी स्कॅन झाला, क्षयाची शक्यता तपासली का, हे डॉक्टरांना विचारावे. आणि चित्र विझलेले दिसले म्हणून उरलेल्या सायकली सोडून गावी परतू नये. मोह मोठा असतो. एसटीचे भाडे, खोलीचे भाडे, बुडालेली मजुरी यांचा हिशेब दर आठवड्याला वाढत असतो आणि रिपोर्ट चांगला आल्यावर थांबावेसे वाटणे साहजिक आहे. पण ज्या आकड्यांवर आपण विश्वास ठेवतो, ते सगळे पूर्ण उपचार घेतलेल्यांचे आहेत. चित्र चांगले येते ते औषध चालू आहे म्हणून.

आता याही पुढची साधने येत आहेत. पहिल्याच स्कॅनवरून सगळ्या गाठींचे एकूण आकारमान मोजणे, रक्ताच्या थेंबात तरंगणारे कर्कपेशींचे डीएनए शोधणे असे प्रयत्न चालू आहेत. रक्ताचा नमुना शीतपेटीतून पाठवता येतो, फ्लोरिन-१८ सारखा तो वाटेत निम्मा होत नाही. दूरच्या गावांसाठी या फरकाचे मोल मोठे ठरू शकेल. साधन कोणतेही येवो, ते लागू करताना विचार हाच करावा लागेल : हे उत्तर कळल्यावर आपण या माणसासाठी काही वेगळे करू शकणार आहोत का? करू शकत असलो, तर त्या चित्रासाठी कुडाळहून परळला जाणे सार्थकी लागते. नसलो, तर तो नुसता ठिपक्याचा कागद, आणि घरच्यांच्या उशाशी आणखी एक चिंता.